सावरगडच्या राजाची गादी

एकदा काय झालं, सावरगड नावाच्या राज्याला वसंत चुकवून जायला लागला.

त्या काळी वसंत माणसासारखा चालत यायचा, बरं का. खांद्यावर पोपटी उपरणं टाकून डोंगराच्या माथ्यावरून यायचा. पाडव्याच्या सकाळी जिथली गुढी उंच दिसेल, तिथे उतरायचा. मग झाडांना पालवी, कोकिळेला गळा आणि मुलांना कैऱ्या मिळायच्या.

सावरगडची रीत अशी, की पहिली गुढी राजानं स्वतःच्या हातानं उभारायची. राजाच्या गुढीपेक्षा उंच गुढी कुणी उभारायची नाही, आणि राजाच्या डोक्यापेक्षा आपलं डोकंही कुणी वर काढायचं नाही. राजा ताठ होता तोवर हे सगळं ठीक चाललं.

राजाचं नाव उदाजी. चांगला माडासारखा उंच. पण आणखी एक रीत होती. दर दसऱ्याला प्रजा राजाला सावरीच्या कापसाची मऊमऊ गादी भेट द्यायची. ती आधीच्या गादीवर अंथरायची. जुनी काढायची नाही. काढली तर देणाऱ्याचा अपमान. मग काय, गादीवर गादी चढत गेली. राजा शिडी लावून झोपायला जायचा, आणि उकडीत सारण बसावं तसा मधोमध रुतून बसायचा. कूस बदलायचीही सोय नाही. सकाळी उठायचा तेव्हा पाठीचा विळा झालेला असायचा.

हळूहळू तो विळा सरळ होईनासा झाला. राजाला नुसती जमीन दिसायला लागली. माणसं तो पायांवरून ओळखायचा. करकरणाऱ्या वहाणा म्हणजे प्रधान हैबतराव. जोडवी म्हणजे राणी येसू. राजा वाकला म्हणून दरबार वाकला, दरबार वाकला म्हणून गाव वाकलं. गावाची कंबर धरली. दरबाऱ्यांना मात्र काही जड गेलं नाही. त्यांना सवय होती.

मग पाडवा आला. राजाची गुढी उभी राहिली ती गुडघ्याएवढी. घराघरांवरच्या गुढ्या त्याहून बुटक्या. वसंतानं डोंगरावरून पाहिलं, त्याला काही दिसलं नाही, आणि तो पुढच्या राज्यात निघून गेला. सावरगडच्या मुलांना त्या वर्षी एकसुद्धा कैरी मिळाली नाही. राजाच्या मनाला ते फार लागलं. यंदाही वसंत असाच गेला, तर झाडं वाळून जायची. राजा जमिनीकडे बघत रडायचा. दुसरीकडे बघता येतच नव्हतं.

हैबतरावानं राजाची गादी बोटानं दाबून पाहिली. म्हणाला, "महाराज, दुखणं कळलं. गादी पुरेशी मऊ नाही."

मग डोंगरावरून एक झोपाळू ढग ओढून आणला. काय तो ढग! दुधावरची साय जशी. राजा त्यावर पहुडला आणि बुडत गेला, बुडत गेला. त्याच्या स्वप्नातून पांढरे बगळे उडत गेले. राणीनं त्याच्या कंबरेखाली हात घालून पाहिला, तर सगळीकडे ढगच ढग, हात सरकायला जागाच नाही. सकाळी दोर सोडून राजाला बाहेर काढला. पाठ आणखीच वाकलेली.

हैबतराव म्हणाला, "मऊ वाईट, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो."

मग चांदण्यात भिजलेली एक काळी शिळा आणली. गुळगुळीत, गारगार. राजा तिच्यावर आडवा झाला. खांदे दुखले, माकडहाड दुखलं, कंबर मात्र अधांतरी. राणीनं हात घालायच्या आधीच मांजर कंबरेखालून आरपार निघून गेलं. सकाळी राजाला उठवायला चौघे लागले.

आता पाडवा तोंडावर आला. राणी म्हणाली, "अहो, बोटानं गादी पारखणाऱ्यांचं पुष्कळ ऐकलंत. चला माझ्याबरोबर नदीवर."

"अगं, नदीवर कशाला?"

"पाय दिसतायत ना माझे? या त्यांच्या मागून."

मग राजा जोडव्यांच्या मागून नदीवर गेला आणि दमून काठावर आडवा झाला. नदीनं हळूच पाणी मागे घेतलं. ओली वाळू त्याच्या खांद्यांखाली थोडी दबली, बसायच्या जागेखाली थोडी दबली, आणि कंबरेखाली अलगद भरून आली. राजानं कूस बदलली. वाळूही बदलली. नदी गुणगुणत होती, "नीज रे राजा. ही वाळू काही तुला देता यायची नाही, मला ती पुढे न्यायचीय. पण पाठीला सांग, लक्षात ठेव म्हणून."

राजा जागा झाला तेव्हा मान थोडी वर आली होती. त्याला राणीचा चेहरा दिसला.

"अगं, या कुड्या कधी केल्यास?"

"तुम्हीच दिल्यात. पायांकडे बघत दिल्यात, म्हणून आठवत नाही."

घरी आल्यावर राजानं नवी गादी करवून घेतली. खाली काथ्याचा घट्ट थर, वर बेताचा कापूस. राजा स्वतः तिच्यावर झोपला. या कुशीवर वळला, त्या कुशीवर वळला. राणीनं कंबरेखाली हात घातला. हात गेला, पण बांगड्या अडल्या.

"हीच," राणी म्हणाली.

"आणि त्या जुन्या गाद्या?" हैबतराव म्हणाला. "महाराज, प्रजेचा अपमान होईल!"

मग राजानं प्रजेलाच विचारलं. एक म्हातारी म्हणाली, "अपमान कसला, लेकरा? वाकून वाकून आमच्या पाठी गेल्या. फाड त्या गाद्या!"

नव्या गादीवर झोपून राजा रोज थोडा थोडा उलगडत गेला. पाडव्याच्या सकाळी लोकांनी जुन्या गाद्या उसवल्या. वारा आला आणि सगळा कापूस आभाळात गेला. तरंगत, गिरक्या घेत, अगदी सावकाश. वसंत तेव्हा डोंगर ओलांडून चाललाच होता. एक म्हातारी त्याच्या नाकावर बसली. ती गादी फाडायला सांगणारी नव्हे, कापसाची. वसंताला सणसणून शिंक आली. त्यानं मागे वळून पाहिलं.

खाली राजा उदाजी माडासारखा ताठ उभा होता, आणि त्याच्या हातात गुढी, उंचच उंच. मग घराघरांवर गुढ्या वर आल्या. वसंत हसला, उपरणं सावरलं आणि उतार उतरायला लागला. त्याचा पाय पडेल तिथे पालवी फुटत गेली.

सगळं गाव ताठ उभं राहिलं. हैबतराव तेवढा वाकलेलाच होता. त्याला कुणीतरी सांगावं लागलं.

मुलांनी पोटभर कैऱ्या खाल्ल्या, राजाराणी सुखानं नांदली, आणि सावरगडात पुन्हा कुणी राजाला गादी भेट दिली नाही. आंबे दिले.

चला, आता पाय लांब करा बघू. वळा कुशीवर. दोन दोन उश्या नकोत, एक पुरे. तो बघा, कापूस तरंगत आला... पापण्यांवर बसला... नीज गं बाई, नीज रे राजा.