चौथ्या दिवसाची कडी

“उंदीर का बिघडले, तेवढंच सांगा सर. बाकी सगळं मला ठाऊक आहे.”

डॉ. तनुजा कुडाळकर पुण्याहून पहाटे तीनलाच निघून देवरुखला आली होती. धामणकरकाकूंनी पुढे केलेल्या चहालाही तिने अजून तोंड लावलं नव्हतं.

समोर आरामखुर्चीत धामणकर सर. मेंदूचे आजार चाळीस वर्षं शिकवलेला माणूस. आठ महिन्यांपूर्वी पक्षाघाताने त्यांनाच गाठलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. आता शब्द परतत होते, पण एकेक करून, वाटेत थांबत.

“आधी... चहा,” सर म्हणाले.

तिने दोन घोटांत कप रिकामा केला आणि लॅपटॉप उघडला.

“पक्षाघातात रक्त अडतं, मेंदूचा तुकडा मरतो, हे तुम्हीच शिकवलंत. पण खरा घात त्यानंतर होतो. शरीराच्या रक्षक पेशी तिथे झुंडीने धावतात, मेंदूला सूज येते आणि शेजारचा चांगला भागही जातो. सहा वर्षं मी त्या झुंडीच्या मागे होते. आता माझ्याकडे तिला अडवणारं औषध आहे. हे बघा. सूज शून्य!”

सरांनी पडद्यावरचं शून्य बराच वेळ पाहिलं.

“छान... गोल आहे.”

तिला हसू आलं नाही.

“तीन दिवस उंदीर असे पळाले सर, की प्रयोगशाळेत आम्ही पेढे वाटले. महिनाभर औषध चालू ठेवलं. आणि चौथ्या आठवड्यात ते दोरीवरून पडायला लागले. ज्यांना औषध दिलंच नव्हतं, ते त्यांच्या पुढे गेले! आत पाहिलं तर मेलेला भाग तसाच साचलेला, मज्जातंतूंचे नवे धागे जुळलेच नव्हते. सोमवारी समिती बसते आहे. माणसांवर प्रयोग करायचा की नाही, ते ठरेल.”

“मग...?”

“मात्रा कमी पडली असणार. दुप्पट करते. तुम्ही हो म्हणालात की झालं.”

सरांनी मान वळवली. मग डाव्या हाताने त्यांनी पुढच्या दाराकडे बोट केलं.

“दार... लाव.”

तिने लावलं.

“कडी...”

तिने कडीही लावली. खोलीत शांतता झाली. तिला बरं वाटलं.

ती आलेख दाखवू लागली तोच दारावर थाप पडली.

“सर, आहात काय? दौलत सुतार!”

तनुजा उठू लागली. सरांनी मान हलवली. नको.

दोन थापा पडल्या, मग पावलं पायरी उतरून गेली.

थोड्या वेळाने बांगड्यांचा आवाज आला. “काकू, मी रझिया! दार का बंद?”

सरांनी ओठांवर बोट ठेवलं. रझियाही गेली.

“किती माणसं येतात हो तुमच्याकडे!” तनुजा म्हणाली. “मी असते तर रोज कडी लावली असती.”

घड्याळात दहा वाजले. सरांनी डावा हात खुर्चीवर टेकला.

“उठव.”

“मला?”

“मी... उठतो दहाला. चालतो.”

तनुजाने त्यांचा उजवा हात धरून ओढला. सर कळवळले. तिने दचकून हात सोडला आणि काखेत धरायला गेली. सर निम्मे उठले, ती निम्मी वाकली, आणि दोघंही आरामखुर्चीत कोसळली.

सर हसू लागले. अर्ध्याच चेहऱ्याने, पण पोट धरून.

मेंदूवर बारा शोधनिबंध लिहिलेल्या तनुजाला मेंदूचा रुग्ण खुर्चीतून उठवता आला नव्हता. क्षणभर ती लाजली. मग तीही हसत सुटली.

तेवढ्यात काकू परसातून आत आल्या. “अगंबाई! दौलत नाही आला? आणि ही कडी कुणी लावली?”

“सरांनीच लावायला सांगितली.”

“ह्यांनी? कडीचं नाव काढलं तरी चिडतात!” काकू पदराला हात पुसत बसल्या. “हे पडले त्या दिवशी अख्खी आळी घरात घुसली होती बघ. पाय ठेवायला जागा नाही. हा दौलत मदतीला म्हणून टेम्पो घेऊन धावला आणि दारातच लावून बसला. मागे रुग्णवाहिका अडकली. रझियाने मायेने तोंडात पाणी घातलं. ह्यांना गिळता येत नव्हतं, ठसका लागून डोळे पांढरे झाले. मग मी खराटा घेतला! सगळ्यांना हाकललं.”

“बरोबरच केलंत.”

“केलंच. आणि इस्पितळातून घरी आणल्यावरही कडी काढली नाही. मला भीती बसली होती ना. तीन दिवस घर कसं शांत. आणि हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. कुणाशी बोलणार? कोण उठवणार? चौथ्या दिवशी माझी कंबर धरली, तेव्हा उघडलं दार.”

“मग?”

“मग तीच माणसं गं. दौलतने पडवीत लाकडी कठडा करून दिला, रोज दहाला चालवतो. रझिया भाजी निवडायला इथेच बसते आणि एकेका भाजीचं नाव ह्यांच्याकडून वदवून घेते. ह्यांचा पहिला शब्द कोणता, सांगू? ‘शेपू!’ जन्मात कधी खाल्ली नाही.”

तनुजा हसली नाही. ती दाराकडे पाहत होती.

“तीच माणसं...” ती स्वतःशीच पुटपुटली.

तिने लॅपटॉप मिटला. जाऊन कडी काढली आणि पायरीवरून मोठ्याने हाक मारली, “दौलतभाऊ! रझियाताई! या, या! चूक माझी झाली!”

दौलत आला. त्याने सरांच्या कमरेला पंचा गुंडाळला, तो धरून “हं, एक, दोन...” म्हटलं आणि सर उभे राहिले. पंचा कसा धरायचा ते तनुजाने दोनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा तिने स्वतः धरला. कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने सरांना चालवलं. मागून रझिया मेथीची जुडी उंचावून विचारत होती, “ही कोणती, सर?”

परतीच्या फेरीला तनुजाचे डोळे चमकले.

“सर, मात्रा दुप्पट नाही करायची. समितीकडे मी मुदत मागते. औषध आधी द्यायचं आणि मग थांबवायचं, म्हणजे त्याच पेशी मेलेला भाग उचलतील, धागे जुळवतील! चौथ्या दिवशी. बरोबर ना? चौथ्या दिवशी थांबवते!”

सर थांबले. श्वास घेतला. शब्द शोधायला वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही.

“तो चौथा... माझा होता. उंदरांचा... तू शोध.”