बुधाजीच्या घोडीला फुलांचं पाणी

एका गावात एक भोळा घोडीवाला होता. घोडीवाला तो खराच होता. 'भोळा' हे गाव मायेनं म्हणायचं. नाव बुधाजी. कुणी म्हणालं, "डोळे मिटून सरळ जा," की हा डोळे मिटायचा आणि विजेच्या खांबावर आपटायचा. वर खांबाची माफी मागायचा.

त्याची घोडी बिजली. पांढरीशुभ्र, देखणी. पण भारी भित्री. मागच्या वरातीत ताशा कडाडला आणि ती नवरदेवासकट उधळली. वरात इकडे वेशीत, नवरदेव तिकडे शेजारच्या गावच्या उकिरड्यावर.

बायको कौसा म्हणाली, "सोमवारी पाटोळ्यांच्या सुदामचं लग्न. याही खेपेला बिचकली, तर पुन्हा कुणी बोलवायचं नाही. वीटभट्टीवर विकावी लागेल तिला."

बिजलीला तो लेकीसारखा जपायचा. तो तडक गोदामावशीकडे गेला.

गोदामावशी फुलं पाण्यात घालून उन्हात ठेवायची आणि ते पाणी भित्र्या जनावरांना द्यायची. फटाक्यांना भिणारी कुत्री, पाहुण्यांना भिणारी मांजरं, सगळी तिच्याकडे यायची. गुण येतो की नाही, हे एकाही जनावरानं आजवर सांगितलेलं नाही.

मावशीनं बाटली दिली. "चार थेंब तोंडात टाक. मन कसं थाऱ्यावर येतं बघ."

बुधाजी घरी आला. चार थेंब तोंडात टाकले. स्वतःच्या. मन थाऱ्यावर आलं. तेवढ्यात शेजारच्या कुकरची शिट्टी झाली. बिजलीनं दावं तोडलं आणि ती सरपंचाच्या कांद्याच्या रोपात घुसली. बुधाजी ओट्यावरून शांतपणे बघत राहिला.

हे ऐकून मावशीनं कपाळाला हात लावला. "तू कशाला प्यालास रे? जो घाबरलाय त्याला द्यायचं!"

"असं होय," बुधाजी म्हणाला. डोक्यात पक्कं बसवलं. घाबरलेल्याला द्यायचं.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन भालेकर आले. बिजलीनं लाथ झाडली. भालेकर सायकल टाकून कडब्याच्या गंजीवर चढले. लटलट कापत होते. बुधाजीनं पाहिलं, घाबरलंय कोण? बिजली तर निवांत कडबा खात होती. तो गंजीवर चढला, भालेकरांचा जबडा धरला आणि चार थेंब टाकले.

"अहो, मला कशाला? मी पत्र द्यायला आलोय!" भालेकर ओरडले.

"घाबरू नका, भाऊसाहेब. कुत्र्यांनाही हेच देतात."

मावशीनं पुन्हा कपाळाला हात लावला. "अरे, तोंडानं ओरडून सांगतो त्याला औषध कशाला? जो बोलत नाही, त्याला द्यायचं!"

"असं होय," बुधाजी म्हणाला. डोक्यात पक्कं बसवलं. न बोलणाऱ्याला द्यायचं.

घरी आला तर कौसानं अबोला धरलेला. पोस्टमनची तक्रार तिच्या कानावर गेली होती. बुधाजीनं विचारलं, "जेवायला वाढतेस का?" उत्तर नाही. "रागावलीस का?" उत्तर नाही. मग तिनं जांभई दिली. बुधाजीनं तेवढ्यात चार थेंब टाकले.

कौसा बोलली. तासभर बोलली. त्याच्या आईपासून सुरू केलं आणि पणज्यापर्यंत पोचली.

बुधाजी धावतच मावशीकडे गेला. "मावशी, औषध लागू पडलं! कौसा बोलायला लागली!"

मावशीनं आता दोन्ही हात कपाळाला लावले. "नीट ऐक. लग्नात सजवून जे उभं करतात ना, गळ्यात माळा, डोक्यावर तुरा, तोंडातून शब्द नाही आणि वाजंत्री ऐकून थरथरतं, त्याला दे. दिलंस की मांडवामागं ने, सावलीत बांध, तोंडाला हरभऱ्याचा तोबरा लाव. मायेनं थोपट."

"आणि दुसऱ्याला?"

"दुसऱ्याला काय, बोहल्यावर चढव!"

"असं होय," बुधाजी म्हणाला.

सोमवार उजाडला. मांडवाच्या दारात बिजली सजून उभी होती. शेजारी सुदामही सजून उभा होता. ताशा कडाडला. बिजलीच्या कानात कौसानं कापूस कोंबला होता. तिनं शेपूटसुद्धा हलवली नाही. सुदाम मात्र लग्नाच्या धसक्यानं पांढराफटक पडला होता. गळ्यात माळा, डोक्यावर तुरा, तोंडातून शब्द नाही. आणि थरथरत होता.

बुधाजीनं त्याच्या तोंडात उरलेली बाटली रिकामी केली. मांडवामागं नेलं. लिंबाला बांधलं. तोबरा लावला. मायेनं थोपटलं. सुदामला वाटलं, मुलीकडची रीत असेल. तो हरभरे चघळू लागला.

मग बुधाजी बिजलीला घेऊन मांडवातून निघाला. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडची रीत असेल. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडची. लोक सरकून वाट देत गेले. भटजींना लांबचं दिसत नव्हतं, जवळचंही नव्हतं. मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. अंतरपाट दूर झाला.

नवरीनं हार घातला. बिजलीनं तो खाल्ला.

नवरीचा बाप किंचाळला, "अहो, जावई कुठाय?"

बुधाजीनं हात जोडले. "काळजी करू नका, मालक. मागं लिंबाला बांधलाय. अर्धा तोबरा संपवला त्यानं. आता अजिबात बिचकत नाही."