गजराजाची तीन पानं

फार पूर्वी, जंगलातल्या प्राण्यांना वाचता येत होतं तेव्हाची ही गोष्ट. निदान येतं असं ते सांगत तरी होते. त्यांचा एक थोर ग्रंथ होता. दरवर्षी ग्रंथाच्या जयंतीला ते तो पाटावर ठेवत, हार घालत, नारळ फोडत आणि न उघडता पुन्हा पेटीत ठेवत.

साळुंकीने मात्र तो वाचला आणि वर्षभर खपून त्यावर नाटक बसवलं. पहिल्याच प्रयोगाला गवा आपली मंडळी घेऊन मंडपाच्या दारात उभा राहिला.

“ग्रंथाचा नायक गजराज, आणि तो रडतो? विटंबना आहे ही! नाटक बंद, नाहीतर मंडप उधळून लावू!”

“तुम्ही नाटक पाहिलंत, गवादादा?”

“असलं पाहायला आम्ही काय रिकामे आहोत?”

वर्षाची मेहनत मातीत जाताना दिसली, तशी साळुंकीने पेटीतला ग्रंथ मागवला आणि सगळ्यांसमोर उघडला. पिल्लू हरवलं म्हणून गजराज त्यात चांगली तीन पानं हमसून रडत होता.

गव्याने ती वाचली, पुन्हा वाचली. मंडळी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

“ही कुणीतरी मागाहून घुसडली आहेत,” तो म्हणाला आणि ग्रंथाचं पावित्र्य राखण्यासाठी त्याने ती तिथेच फाडली. टाळ्या पडल्या. “आता मूळ ग्रंथाबरहुकूम नाटक कर, बाई. आमची काही हरकत नाही.”

साळुंकीने उरलेला ग्रंथ त्याच्यापुढे सरकवला.

“दादा, आधी शेवटपर्यंत वाचून घ्या. म्हणजे काय फाडायचं ते एकदाच फाडून होईल.”