टक् वाजलं की तुकडा

ससे अजून स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवत होते, तेव्हाची ही गोष्ट. एका बाईने अंगणात, जाळीच्या खुराड्यात ससे पाळले होते. ससा दोन पायांवर उभा राहिला की ती हातातली डबी दाबून टक् वाजवायची आणि गाजराचा तुकडा द्यायची. पूर्वी बोका दिसला की ससे मागचे पाय आपटून एकमेकांना सावध करायचे. पण त्या कामाला तुकडा मिळेना, म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं.

एकटी काजळी पाय आपटत राहिली. तिची पिल्लं लहान होती.

"अगं, फुकट कशाला पाय झिजवतेस?" मखमल म्हणाला. सगळ्यात जास्त तुकडे तोच खायचा.

"तू खा रे गाजर. मला माझी पोरं वाढवायचीत."

एका दुपारी बाई घोरत पडली होती. बोक्याने पंजाने दाराची कडी उडवली. कडी वाजली, टक्. सगळे ससे ओळीने दोन पायांवर उभे राहिले आणि तोंडं उघडून दाराकडे बघू लागले. असं वाढलेलं ताट बोक्यानेही कधी पाहिलं नव्हतं.

काजळीने असे पाय आपटले की खालची फळी दणाणली. पिल्लं कोपऱ्यातल्या खोक्यात घुसली. बाई काठी घेऊन धावली. बोका पळाला, पण जाता जाता मखमलची शेपटी घेऊन गेला.

संध्याकाळी मखमल काजळीपाशी आला. तिला वाटलं, आला बिचारा आभार मानायला.

"टक् वाजलं होतं," तो कुरकुरला. "तुझ्या धिंगाण्यापायी तुकडा बुडाला."

काजळीने त्याच्या मागे नजर टाकली.

"बुडाला कुठे? मिळाला की. फक्त बोक्याला मिळाला."