केरबाअण्णांचं नाक

“अण्णा, तुम्ही श्वास घेता तरी कधी?”

केरबाअण्णांनी सनई मांडीवर ठेवली. ओठ पुसले, मग फडक्यानं सनई पुसायला घेतली.

डोंगरावरच्या देवीच्या नगारखान्यात सकाळची सनई नुकतीच थांबली होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत सुरात केसाएवढीही फट नव्हती. निवास ती फट शोधायलाच आला होता.

निवास घडशी म्हणजे खालच्या मुलखात नाव कमावलेला गडी. त्याची सनई लागली की पंगतीतले लोक घास हातात धरून थांबायचे. छातीही नगाऱ्यासारखी. पण सूर लांबवायला गेला की मध्येच तोंड उघडून हवा ओढावी लागे, आणि सूर फाटे. परवा एका मांडवात कुणी म्हातारा सगळ्यांदेखत म्हणाला होता, “सनई ग्वाड हाय, पण धापा टाकतीया.”

मांडव हसला. निवास रात्रभर कुशी बदलत राहिला आणि उजाडताच डोंगर चढून इथं आला.

“शिकवायचं नसेल तर तसं सांगा,” तो आता म्हणाला. “सनईत काहीतरी करामत आहे.”

“असंल,” अण्णा म्हणाले. “मी वाजवतो, तू शोध. पाहिजे तिथं हात लाव.”

“कुठंही?”

“कुठंही.”

अण्णांनी एकच साधा सूर धरला.

निवासनं सनईच्या तोंडाशी, पत्तीपाशी कान नेला. अण्णांच्या पोटावर हात ठेवला. बरगड्या चाचपल्या. गळ्याला बोट लावलं. गाल फुगलेले होते, तेही दाबून पाहिले.

सूर चालूच... अण्णांचे डोळे मात्र हसत होते.

निवासचा पारा चढला. नुसतं बघूनच त्याला धाप लागली. तोंड उघडं, जीभ कोरडी, वर खोकल्याची उबळ. आणि त्या भरात त्याच्या हातून भलतंच घडलं.

त्यानं अण्णांचं नाक चिमटीत धरलं.

सूर तुटला.

कोपऱ्यातला नगारची टिपरी हातात धरून आ वासून बघत राहिला. निवासनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

“अण्णा... चुकलो. तुमच्या नाकाला हात...”

अण्णा पोट धरून हसत होते. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

“आजवर पाय धरणारेच आले रं! नाक धरणारा तूच पहिला.”

“पण तोंड तर फुंकत होतं...”

“तोंड गालात साठलेली हवा फुंकतं. तेवढ्यात नाक गुपचूप भरून घेतं.”

निवासनं लगेच सनई उचलली. गाल फुगवले, नाकानं हवा ओढली...

फुर्रर्र.

पुन्हा ओढली. पुन्हा फुर्रर्र. नगारची तोंड फिरवून हसला.

“माझं नाक चोंदलेलंच असतं,” निवास ओशाळून म्हणाला. “मी हवा तोंडानंच घेतो. जास्त मावते.”

“झोपेतबी तोंड उघडं?”

“हो.”

“सकाळी घसा?”

“लाकूड.”

“आन खोकला?”

निवास नेमका तेव्हाच खोकला. खोकला थंडी पडल्यापासून त्याच्या मागे होता.

अण्णांनी त्याला खिडकीशी नेलं. खाली पायवाटेवर गार वारा धूळ उडवत होता.

“ह्यो वारा तोंडानं घेतलास, की थेट छातीत. नाकानं घेतलास, की केस त्याला चाळत्यात, आतली ओल धूळ धरती, ऊब त्याला कोमट करती. मग पुढं सोडत्यात. दार असताना कौलं काढून घरात कोण शिरतं?”

“चोर,” निवास म्हणाला, आणि त्यालाच हसू आलं.

“मग सनई ठेव खाली. रोज सकाळी उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धू. आन तोंड मिटून डोंगर उतर, तोंड मिटून चढ.”

“बोलायचंही नाही?”

“तेच अवघड जाणार हाय तुला.”

निवास राहिला. पहिले काही दिवस अर्ध्या वाटेवरच त्याचं तोंड उघडायचं. मग तो दगडावर बसून मनातल्या मनात अण्णांना शिव्या द्यायचा, कारण तोंडानं द्यायची सोय नव्हती. हळूहळू बसायचे दगड कमी झाले. खोकला कधी गेला, त्यालाच कळलं नाही.

एका सकाळी चढता चढता तो थबकला. गोडसर वास... वाटेच्या दोन्ही अंगांना करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या. तो उगाचच हसला आणि वास घेत उभा राहिला.

त्या दिवशी अण्णांनी सनई त्याच्या हातात दिली.

फुर्रर्र झालं, पण एकदाच. मग सूर लागला आणि लागूनच राहिला. खाली देवळाच्या आवारातले लोक वर बघायला लागले. झाडणारीनं खराटा थांबवला. नगारचीनं डुलत डुलत ठेका धरला.

वाजवून झाल्यावर निवास घामानं भिजला होता, पण धाप नव्हती. तो धावतच अण्णांपुढं आला.

“अण्णा, ऐकलंत? सबंध डोंगराला सूर दिला मी आज!”

अण्णांनी डोळे मिटून, सावकाश, एक लांब श्वास नाकानं घेतला.

“दिलास खरा... आन श्वास घेतलास कुणाकडनं?”