सांबराने न वाचलेले पान

मुलांनो, नदीकाठच्या एका रानात म्हाताऱ्या सांबराला फार मान होता. त्याच्या तोंडून कधी कोणी खोटे ऐकले नव्हते. म्हणूनच प्राण्यांनी ‘डोह बचाव मंडळ’ काढले, तेव्हा अध्यक्षपद त्यालाच दिले. डोहाचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून रानात जागृती करायची, हे मंडळाचे काम. कारभार कोल्हा पाहत असे. बैठक आली की तो म्हणे, “दादासाहेब, एवढ्या उन्हात तुम्ही कशाला येता? या पानावर खूर टेकवा, बाकीचं मी बघतो.” सांबर हसून खूर टेकवी. पानावर काय लिहिले आहे, हे त्याने एकदाही विचारले नाही.

त्या वर्षी रानाचा मुखिया निवडायचा होता. लांडगा आणि पाणमांजर असे दोघे उभे होते. कोल्हा आतून लांडग्याला मिळालेला. एका सकाळी झाडाझाडावर पाने लटकली : ‘पाणमांजराने डोहात विष कालवले आहे! – डोह बचाव मंडळ’. खाली सांबराच्या खुराचा ठसा. तो पाहिल्यावर कोणी चौकशीसुद्धा केली नाही. चिडलेल्या रानडुकरांनी पाणमांजराचे बीळ उकरून पाडले. आत त्याची आंधळी आई होती. ती मातीखाली गुदमरून मेली.

सांबर धावत आला. मातीतून बाहेर आलेला तो एवढासा पंजा पाहून तो थेट डोहावर गेला. तो डोहाचे पाणी प्यायला. पाणी नेहमीसारखेच गोड होते.

न्याय करणाऱ्या हत्तिणीने सगळ्यांना समोर बोलावले. “मला काही ठाऊकच नव्हतं हो!” सांबर म्हणाला. “मी नुसता नावाचा अध्यक्ष!”

“रानाने तुमच्या नावावरच विश्वास ठेवला,” हत्तीण म्हणाली. “ठाऊक करून घेणं हेच तुमचं काम होतं. कोल्ह्याने खोटं लिहिलं, तुम्ही ते खरं ठरवलंत.”

कोल्ह्याला आणि रानडुकरांना रानाबाहेर काढण्यात आले. सांबराचे पद गेले, आणि यापुढे कोणत्याही मंडळावर बसायला त्याला मनाई झाली. मान खाली घालून तो पाणमांजराकडे गेला.

पाणमांजराने एवढेच विचारले, “ते पान वाचायला किती वेळ लागला असता?”



तात्पर्य : ज्या कामाला आपण आपले नाव देतो, त्याचा जाबही आपल्यालाच द्यावा लागतो, ‘मला माहीत नव्हते’ म्हणून सुटता येत नाही.