सावरीवरच्या भोरड्या

माळाला कुंपण नव्हतं तेव्हाची गोष्ट. दरसाल भोरड्या पाखरांचे थवे यायचे आणि घरटी न बांधता सावरीच्या झाडावर दिवसभर गात बसायचे. एका साली कोंबड्याची पिल्लंही त्यांच्यासोबत नाचू लागली, तसा तो धास्तावला आणि लांडग्याकडे गेला.

"दादा, हा गोंगाट बंद करा."

"करतो. पण नियम सगळ्यांना एकच. आवाज केला, की उचलला."

"आम्हांला कसली भीती? आम्ही इथलेच!"

संध्याकाळी सावरीखाली नुसती पिसं उरली होती.

पहाटे कोंबडा सवयीने दगडावर चढला. त्याने मान ताठ केली, चोच उघडली. खाली लांडगा कान टवकारून बसला होता.

कोंबडी म्हणाली, "अहो, उजाडलं. बांग द्या ना!"

"हळू बोल," कोंबडा कुजबुजला.